साहेब कोणत्या गाडीतून उतरले

मला जुन्या गाड्यांचा नाद लागला तेव्हा घरात कुणी दचकलं नाही. त्याआधी कबुतरं झाली होती, मधमाश्या झाल्या होत्या, काही दिवस होमिओपॅथीही झाली होती, आणि या सगळ्यांतून आमचे शेजारी जिवंत बाहेर पडले होते. नवीन जालन्यात माझं बी-बियाण्याचं दुकान आहे. हंगाम सोडला तर माणसाला विचार करायला भरपूर वेळ मिळतो, आणि माझं नुकसान नेहमी तिथूनच सुरू होतं.

पहिली गाडी मी बीडकडून आणली. अमेरिकन होती, लांबलचक, मागं माशासारखे पर. पुढच्या चकाकत्या पट्टीत मला माझा चेहरा दिसला, तोही बराच देखणा, आणि मी व्यवहार पक्का केला. घरी आल्यावर बॉनेट उघडलं, तर आत कुठल्यातरी टेम्पोचं डिझेल इंजिन. भाच्याच्या वरातीत ती गाडी लावली, तेव्हा तिचा आवाज ऐकून एक म्हातारी डब्यात ज्वारी घेऊन बाहेर आली. तिला वाटलं, पिठाची गिरणी दारावर आली.

"आपल्या दुकानात माणूस बियाणं घेतो तं पिशवी फोडून दाणे हातावर घेऊन पाह्यतो," बायको म्हणाली, "अन् तुम्ही एवढी मोठी गाडी घेताना झाकण बी उघडलं न्हाई?"

त्या अपमानानं मी अभ्यासाला लागलो. गल्ल्यावर बसून मोबाइलवर जुन्या गाड्यांचे व्हिडिओ बघायचे आणि गिऱ्हाइकाला ते ऐकवायचे. सोयाबीनचं बियाणं मागायला आलेला माणूस अमेरिकन आणि विलायती गाड्यांतला फरक ऐकून जायचा. लोक मला 'मोटारींचे डॉक्टर' म्हणू लागले. कसं म्हणतात हे ऐकून घ्यायला हवं होतं. मी फक्त काय म्हणतात ते ऐकलं.

म्हणूनच परतूरहून फोन आला तेव्हा मला नवल वाटलं नाही.

परतूरला एक बंद पडलेली जिनिंग आहे. माझे वडील तिथं कापूस घालायचे. ट्रॉलीतल्या कापसावर बसून मीही जायचो. आत एका पत्र्याच्या शेडमध्ये दोन गाड्या उभ्या असायच्या; पिस्त्याच्या रंगाची अमेरिकन आणि काळीकुट्ट विलायती. त्यांच्याजवळ जायची कुणाला परवानगी नव्हती, आणि खरं म्हणजे कुणी मागतही नव्हतं. कारण त्या घरची गोष्ट सगळ्या परतूरला माहीत होती.

जिनिंगच्या मालकांचा तरुण मुलगा, त्याला सगळे साहेबच म्हणायचे, एका दुपारी ड्रायव्हरला घेऊन जालन्याला निघाला. वाटूर फाट्यावर कशासाठी तरी गाडी थांबली आणि ड्रायव्हर उतरला. तो परत आला तेव्हा दारं लागलेली, काचा वर, आणि आत साहेब नाहीत. चहूकडं उघडं रान, दिवसाउजेडी माणूस लपायचं म्हटलं तरी जागा नाही. त्यानंतर साहेब कुणालाही दिसले नाहीत.

ते दोन गाड्यांपैकी कोणत्या गाडीतून गेले होते, एवढंच परतूरला माहीत नव्हतं. म्हणजे माहीत सगळ्यांना होतं. अर्धं गाव अमेरिकन म्हणायचं, अर्धं विलायती, आणि दोन्ही बाजूंना डोळ्यांनी पाहिलेले साक्षीदार होते.

फोन साहेबांच्या मुलीचा होता. "आप गाड़ियों के जानकार हैं ना? अम्मी ने बुलाया है."

साहेबांच्या बायकोला परतूर बडी अम्मा म्हणतं. मी गेलो तेव्हा त्या शेडच्या दाराशी बाजेवर बसल्या होत्या. वैशाखातली दुपार. पत्रा मधूनच कडकन वाजायचा, त्याशिवाय कुठं आवाज नाही. जिनिंग बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी शेडमध्ये कापसाचे बारीक तंतू तरंगत होते. वारा नव्हता, तरी ते खाली बसत नव्हते.

"आओ बेटा. तुम्हारे अब्बा कपास लाते थे. तौल के वक्त बहोत झगड़ते थे."

"झगड़ते नहीं थे अम्मा, उनका बोलनाच वैसा था!" मी ओरडलो. मुलीनं आधीच सांगितलं होतं, कानाशी ओरडून बोला.

"हौ. तुम बी वैसेच हो."

मुलीनं चहा आणला आणि बडी अम्मांनी कामाचं सांगितलं. जिनिंगची जागा विकली गेली होती, आता तिथं गोदाम होणार होतं. त्यांना संभाजीनगरला मुलीकडं जायचं होतं. मुलीच्या अंगणात जागा एका गाडीपुरती.

"जिस गाड़ी से वो गए, वो मेरे साथ आएगी," त्या म्हणाल्या. "दूसरी तुम ले जाओ."

"मग प्रश्न काय?" मी ओरडून विचारलं.

"मेरेकू मालूम नहीं वो कौनसी."

मी मुलीकडं पाहिलं. तिनं मान हलवली. तो प्रकार घडला तेव्हा बडी अम्मा माहेरी बाळंतपणाला गेल्या होत्या आणि ही मुलगी जेमतेम जन्मली होती. त्या सासरी परत आल्या तेव्हा दोन्ही गाड्या एका ताडपत्रीखाली शेजारी शेजारी उभ्या होत्या. सासऱ्यांचा दोन्ही गाड्यांवर जीव. एक अपशकुनी ठरली असती तर घरातल्या बायकांनी तिला दारात राहू दिलं नसतं. म्हणून त्यांनी माहीत असलेल्या प्रत्येकाकडून कसम घेतली. सुनेनं विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "दोनों को धुलवा दिया है बहू. अब दोनों बराबर हैं."

सासरे गेले, ड्रायव्हर गेला, कसम घेतलेले सगळे गेले.

"वो आएंगे तो अपनी गाड़ी ढूँढेंगे," बडी अम्मा म्हणाल्या. "आदमी घर भूलता बेटा, गाड़ी नहीं भूलता. गलत गाड़ी ले गई मैं, तो वो किसी और के घर जाएंगे. तुम देखको बोलो."

हे 'किसी और के घर' म्हणजे माझंच घर, हे माझ्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. तोवर मी होकार देऊन बसलो होतो.

दोन्ही गाड्यांच्या अंगावर धूळ होती, पण दारांच्या कड्या मात्र हातानं झिजून चकचकीत झाल्या होत्या. त्याचं कारण मुलीनं सांगितलं. "हमारे में खाली घर में बी सलाम करको अंदर जाते. अम्मी गाड़ी में बी करतीं. रोज जोहर की नमाज के बाद दोनों का दरवाजा खोलतीं, सलाम करतीं, बंद करतीं. आप बी बैठने से पहले करना."

"इंजिनला वेगळा करू का?" मी मराठीत म्हणालो. ती हसली नाही.

आधी अमेरिकन घेतली. त्या गाडीत भीतीला जागाच नव्हती. पुढची सीट म्हणजे अख्खा सोफा. मालक ड्रायव्हरच्या शेजारी ऐसपैस बसणार, खिडकीतून हात बाहेर टाकणार, रेडिओ लावणार. स्टीअरिंग डावीकडं, गिअरचा दांडा त्याच्याच मानेवर. मी बसलो तशी स्प्रिंगांनी मला दोनदा उडवून पाहिलं. आत उंदरांनी संसार थाटला होता. बॉनेट या खेपेला मी सगळ्यात आधी उघडलं. इंजिन अस्सल होतं, एवढं मोठं की त्याच्या शेजारी माणूस उभा राहून काम करू शकेल. अमेरिकन गाडीचं हेच आहे. ती दिसायला कितीही नटवी असली तरी आतून साधी. भाग मिळतात, मेकॅनिकला चार गोष्टी कळल्या तरी चालते, आणि सडली तर खालचा पत्रा सडतो, तो नवा मारता येतो. बाजारात मिरवायला अशी दुसरी गाडी नाही.

मग विलायती. तिच्याकडं जाताना मी उगाचच खिशातून हात बाहेर काढले.

विलायती गाडीच्या पत्र्याखाली लाकडाचा सांगाडा असतो. पत्रा कितीही झळझळीत असो, आपल्याकडं आत वाळवी लागलेली असते आणि दार एक दिवस हातात येतं. म्हणून जाणकार माणूस दाराशेजारचा खांब बोटानं वाजवून बघतो. भरीव वाजला तर लाकूड धड. मी व्हिडिओत पाहिल्याप्रमाणं वाजवला. टक टक.

आतून आवाज आला, टक टक.

मी पुन्हा वाजवलं नाही. लाकूड धड आहे, असं स्वतःला सांगितलं.

मागच्या बाजूला मऊ कापडी गाद्या, पायाखाली लोकरीचा गालिचा, समोर दुमडून ठेवलेलं लाकडी टेबल. पुढं ड्रायव्हरची कातडी सीट, सरळ पाठीची, शिक्षा झाल्यासारखी. दोन्हींच्या मध्ये जाड काच. मालकानं ड्रायव्हरशी बोलायचं ते नळीतून. मालकाच्या हाताशी नळीचं तोंड, आणि ड्रायव्हरच्या कानाशी पितळेचा छोटा कर्णा. म्हणजे हुकूम मागून पुढं येतो, पुढून मागं काही जात नाही. अमेरिकन गाडी मालकाला ड्रायव्हरचा दोस्त करते. विलायती गाडीत दोघांची तोंडं एकाच दिशेला असून भेट होत नाही. ती चालायला लागली की इंजिनही ऐकू येत नाही म्हणतात. पण एक खिळा हलला तर तिचा खास पाना लागतो, आणि तो पाना ठेवणारा माणूस आपल्या मुलखात नाही.

एक गोष्ट मी पाहिली आणि बोललो नाही. मागच्या डाव्या काचेवर आतून वाफ धरली होती, बशीएवढी. थंडीत लहान मूल काचेला तोंड लावून करतं तशी. बाहेर पत्रा तापून वाजत होता.

आता माझा निकाल. ती विलायती मला हवी होती. आयुष्यात दुसऱ्यांदा पट्टीत चेहरा दिसला होता, आणि काळ्या रंगात तो आणखीनच घरंदाज दिसत होता. मी बडी अम्मांच्या कानाशी तोंड नेऊन जालना ते परतूर ऐकू जाईल असं व्याख्यान दिलं. साहेब तरुण होते, तरुण माणूस काचेमागं कोंडून घेणार नाही, पुढं सोफ्यावर बसणार. उन्हाचा लांबचा रस्ता, मऊ गाडीच घेणार. आणि उतरायचं म्हटलं तर अमेरिकन गाडीचं दार केवढं रुंद! सबब साहेब अमेरिकन गाडीतून गेले, अमेरिकन गाडी अम्मांची. विलायती मी दुःखानं घेऊन जाईन.

"बिलकुल?" त्यांनी विचारलं.

"बिलकुल बराबर!"

मग म्हणाल्या, "अच्छा. तो एक बार अपनी गाड़ी में बैठको तो देखो."

याची मी वाटच बघत होतो. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून मी आत बसलो आणि दार ओढून घेतलं. ते लागलं आणि जग बंद झालं. पत्र्याचा आवाज गेला, माझ्या स्वतःच्या श्वासाचा गेला. कानात कापसाचे बोळे कोंबल्यासारखं झालं. बाहेर बडी अम्मा आणि मुलगी दिसत होत्या, पण एखाद्या जुन्या फोटोतल्या असाव्यात तशा.

मुलीनं हातानं खूण केली, कपाळाशी हात नेऊन. सलाम राहिला.

मी आरशात बघितलं. मागं काचेपलीकडं रिकामी गादी. मी मिशीला पीळ दिला आणि नाटकातल्या ड्रायव्हरसारखा आवाज काढून म्हणालो, "अस्सलाम वालेकुम, साहब!"

कानाशी पितळेच्या कर्ण्यात कुणीतरी आधी श्वास घेतला. घाई नसलेल्या माणसाचा श्वास. मग आवाज आला, लांबून, नळीतून घासत.

"वालेकुम अस्सलाम. पानी मिला?"

मी कसा उतरलो ते मला सांगता येत नाही. मुलगी म्हणते, दार उघडायच्या आधीच मी उतरायला लागलो होतो. चष्मा आत, एक चप्पल आत, आणि मी शेडच्या फरशीवर गुडघ्यांवर, वर कापसाचे तंतू तरंगतायत आणि मी त्यांना हातानं हाकलतोय. त्या वेळी मला तेच महत्त्वाचं काम वाटत होतं.

"क्या हुआ?" बडी अम्मा बाजेवरून उठल्या होत्या.

"ऊन लागलं," मी म्हणालो. मग ओरडून म्हणालो, "धूप लगी!"

"क्या बोले वो?"

अजून वेळ गेली नव्हती. धूप लगी म्हणून ठेवलं असतं तर निकाल कायम राहिला असता, ती गाडी माझी झाली असती. पण ती माझी म्हणजे माझ्या अंगणात, माझ्या खिडकीखाली. त्या विचारानं मला जे शहाणपण सुचलं ते आजवर कुठल्या अभ्यासानं सुचलं नव्हतं.

"पानी मिला क्या, पूछ रहे," मी त्यांच्या कानाशी ओरडलो.

बडी अम्मांनी डोळे मिटले.

"ड्रायव्हर की बीवी एक शादी में मिली थी," त्या म्हणाल्या. "गाड़ी का नाम नहीं ली. कसम थी. इत्ताच बोली, साहब को प्यास लगी थी, मेरे आदमी को पानी लाने भेजे थे. ये बात मैं किसी को नहीं बोली. मेरी बेटी को बी नहीं."

"अम्मी, मेरेकू तो बोलना था," मुलगी म्हणाली. अम्मांना ते ऐकू गेलं नाही.

"तो आप जानते थे कुछ होगा?" मी ओरडून विचारलं. माझ्या आवाजात जरा तक्रार असावी. "तो मुझे क्यों बिठाया? मेरा अभ्यास, वो सगळं..."

"तुम्हारा अभ्यास अच्छा है बेटा," त्या समजुतीनं म्हणाल्या. "मैं रोज सलाम करती थी. लेकिन मेरे कान जाको बहोत साल हुए. जवाब आता होगा तो मेरेकू कैसे मालूम? नौकर लोगां पास नहीं आते. दामाद हँसते. मेरेकू एक ऐसा आदमी होना था जो बगैर डरे बैठ जाए."

बगैर डरे बसणारा माणूस म्हणजे मूर्ख, हे त्या बोलल्या नाहीत. बाईंच्या घराण्याची रीत होती ती.

त्या मला तिथंच सोडून गाडीकडं गेल्या. मागचं दार उघडलं आणि वाकून आत काहीतरी सांगितलं. मला एवढंच ऐकू आलं, "आई, आई मैं."

चार-आठ दिवसांनी विलायती गाडी न्यायला सपाट ट्रेलर आला. तिचे टायर बसलेले होते, चालत जाणं शक्य नव्हतं. अमेरिकन मी माझ्या मेकॅनिककडून चालू करून घेतली होती; ब्रेक लागत, पण आधी विनंती करावी लागे. वाटूरपर्यंत आणि पुढं जालन्यापर्यंत रस्ता एकच, म्हणून मी ट्रेलरच्या मागं निघणार होतो.

गाडी चढवून साखळ्या बांधून झाल्या आणि बडी अम्मा सुरई आणि ग्लास घेऊन पुढं आल्या. त्यांना गाडीत बसून जायचं होतं. ट्रेलरवरच्या गाडीत.

"अम्मी, लोगां क्या बोलेंगे?" मुलगी त्यांच्या कानाशी ओरडली. "मेरे साथ ए.सी. में चलो ना."

"तू जा ए.सी. में. वाटूर आता बीच में."

मुलीनं त्यांच्या हातातली सुरई घेतली. मलाही तेव्हाच कळलं. वाटूर फाटा चुकवून परतूरहून जालन्याला जाता येतं, पण ट्रेलर जाईल असा तो रस्ता नाही. ते जिथं उतरले त्याच जागेवरून गाडी जाणार होती. पुन्हा उतरले तर?

ट्रेलरवाला डोकं खाजवत ओरडला. "अम्मा, आर.टी.ओ.नं धरलं तं काय सांगू? ह्यो माल हाय का सवारी?"

"दोनों," बडी अम्मा म्हणाल्या आणि मुलीच्या खांद्याला धरून वर चढल्या. मागच्या गादीवर उजव्या बाजूला बसल्या. डावी बाजू मोकळी ठेवली.

निघालो तेव्हा उन्हं चढली होती. ट्रेलर पुढं, मी मागं, माझ्यामागं मुलीची गाडी. रस्त्यावर मृगजळ होतं आणि त्यात ती काळी गाडी अधूनमधून खालून कापल्यासारखी अधांतरी तरंगायची. मागच्या काचेतून मला अम्मांचा पदर दिसत होता. त्या सतत डावीकडं तोंड करून बोलत होत्या. बोलायच्या, थांबायच्या, मान डोलवायच्या, पुन्हा बोलायच्या. समोरचा बोलत असताना माणूस थांबतो, नेमकं तेवढंच थांबायच्या. ज्या बाईच्या कानाशी मी घसा फोडला होता, तिला आता कुणाचं तरी हळू बोलणं ऐकू येत होतं.

वाटूर फाट्यावर ट्रेलर थांबला. पुढं कडब्याची ट्रॉली आडवी झाली होती आणि चहूबाजूंनी हॉर्न वाजत होते. मी ब्रेकला विनंती केली, त्यानं या वेळी मान्य केली.

आणि मागच्या डाव्या दाराची कडी खाली गेली.

सावकाश गेली, आतला माणूस बाहेर ऊन किती आहे याचा अंदाज घेत असावा तशी. दार हातभर उघडलं. बडी अम्मा आडव्या झाल्या, दोन्ही हातांनी त्यांनी ते आत ओढलं. पुन्हा उघडलं. पुन्हा ओढलं.

मी उतरलो आणि पळालो. इंजिन चालू, दार सताड उघडं, माझी अमेरिकन फाट्याच्या मधोमध. या वयात आणि या पोटावर मी ट्रेलरवर कसा चढलो ते पाहिलेली माणसं वाटूरला अजून आहेत. चढलो आणि विलायती गाडीच्या दाराला पाठ लावून उभा राहिलो.

"ओ काका!" चहाच्या टपरीवरून एकजण ओरडला. "गाडी पळून चाल्ली का काय?"

"धरून ठिवा, उतरंल!" दुसरा म्हणाला, आणि सगळी टपरी हसली.

मी हसलो नाही, कारण पाठीत मला ते लागत होतं. जोर नव्हता त्यात. गर्दीत ओळखीच्या माणसाला बाजूला करताना पाठीला हात लावतात, तसा हात. सरक जरा, म्हणणारा. घाईत नसलेला, पण जायचं ठरवलेला. माझे पाय घसरायला लागले. एवढं अंग असून उपयोग काय, हा बायकोचा आवडता प्रश्न मला त्या वेळी आठवला.

"साहब!" मी मोठ्यानं ओरडलो. "पानी गाड़ी में है! अम्मा के पास है! उतरने की जरूरत नहीं!"

टपरीवर कुणाचा तरी चहा नाकातून आला. मला त्याचं काही नव्हतं. पाठीतला हात थांबला होता. निघाला नव्हता, तिथंच होता, सांगितलेल्या गोष्टीचा विचार करत.

तेवढ्यात ट्रॉली हलली, ट्रेलरवाल्यानं मागं न बघता गिअर टाकला, आणि मी दाराला पाठ लावून, दोन्ही हात पसरून, तसाच जालन्याकडं निघालो. माझी अमेरिकन मागं फाट्यावर लहान लहान होत गेली. ती बाजूला कुणी घेतली, कुणी बंद केली, ते मला नंतर फोनवर कळलं. तेव्हा वळून बघायचीही माझी छाती नव्हती.

फाटा मागं पडला तसा पाठीवरचा भार कमी कमी होत गेला आणि मग उरला नाही. मी हळूच मान वळवून काचेतून आत पाहिलं. बडी अम्मांनी ग्लास भरून डावीकडं धरला होता, आजाऱ्याला पाजताना धरतात तसा, एक हात ग्लासाला, एक हात वर, हवेतच, डोकं पेललं असावं तिथं. बराच वेळ तसा धरला. मग ग्लास खाली घेतला. तो रिकामा होता की त्यातलं पाणी सांडलं होतं, काचेवरच्या वाफेमुळं मला दिसलं नाही.

मी बोटानं काच वाजवणार होतो. सगळं ठीक का, एवढंच विचारायचं होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. त्यांचा डावा खांदा खाली झुकला होता, आणि प्रवासात कुणी खांद्यावर झोपी गेलं की माणूस जसा अंग न हलवता बसतो तशा त्या बसल्या होत्या.

मीही तसाच उभा राहिलो. रस्त्यात खड्डा आला की दोन्ही हातांनी दार दाबून धरायचो, त्याचा खडखडाट होऊ नये म्हणून. जालना येईपर्यंत ट्रेलर कुठंच थांबला नाही, आणि थांबव असं मीही त्याला म्हणालो नाही.